चैत्री पाहुणा

पाठीवर पिशवी टाकून बर्लिनपासून बुडापेस्टपर्यंत हिंडणारा, हॉटेलाचे भाडे वाचवण्यासाठी ओळखीच्या गिटारवाल्याच्या घरी सोफ्यावर झोपणारा आणि सकाळी त्याचीच कॉफी पीत त्याच्याच वाद्यवृंदावर मत देणारा प्रवासी हा अलीकडच्या काळाचा शोध आहे असे मानले जात असले, तरी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्राणी पूर्वापार नांदत आलेला आहे. येथे त्याची सत्तरी जवळ आलेली असते, पिशवी काखेत असते आणि त्याला गावपरत्वे अण्णा, तात्या किंवा नाना म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यांना नाना म्हटले आहे; वाचकाने आपापल्या नानांचे नाव तेथे घालून घ्यावे.

नानांचे वर्ष गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात सुरू होते. मीना नदीकाठच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते तेथील राहुट्यांमुळे. कलावंत, वादक, कामगार आणि मालट्रक असा संसार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या संचाला फड म्हणतात. या फडाने हंगामापुरते थाटलेले कार्यालय म्हणजे राहुटी, आणि जत्रेच्या पंचांनी तेथे येऊन खेळाची तारीख व रक्कम ठरवणे म्हणजे सुपारी देणे. नानांना कोणत्याही गावाने पंच नेमलेले नसते, तथापि ते प्रत्येक राहुटीत बसतात, रक्कम विचारतात, "जरा जास्तच होतात" असे म्हणून मान हलवतात, खऱ्या पंचांसाठी आलेला चहा पितात आणि कोणत्या गावी कोणता फड कधी, एवढे टिपून घेऊन बाहेर पडतात. बुद्धपौर्णिमेपर्यंतचा त्यांचा प्रवास तेथेच आखून होतो.

प्रवासखर्चाची बाजू एसटी महामंडळाने सांभाळलेली आहे, कारण ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट असते आणि २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेही पडत नाही. नानांच्या ओळखपत्रावरील जन्मसाल त्यांच्या थोरल्या भावाच्या जन्मसालापेक्षा जुने का, याचा खुलासा यातून बऱ्याच अंशी होतो. निवासाचा प्रश्न तर उद्भवतच नाही. मंचरला ढोलकीवाला, कळंबला पेटीवाला, ओतूरला थकलेला सोंगाड्या, बेल्ह्याला हलगीवाला अशी यजमानांची साखळी त्यांनी जोडून ठेवलेली असते. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, याचे नानांना वाईट वाटते ते मुख्यतः एक हक्काची ओटी बुडाली म्हणून.

यजमानाच्या उंबऱ्यात चपला काढता काढता नाना भिंतीवर टांगलेल्या ढोलकीकडे पाहतात आणि कुशल विचारण्यापूर्वी निदान जाहीर करतात: "उतरलीय." पुडीवरचा ताण सैल होऊन स्वर खाली आला की ढोलकी उतरली असे वादक म्हणतात, आणि दोऱ्या ओढून तो स्वर जागेवर आणणे म्हणजे ढोलकी चढवणे. हे निदान वाद्याला बोट न लावता, केवळ नजरेने केले जाते हे ध्यानात घ्यावे. चैत्रातल्या कोरड्या उन्हात चामडे आवळते व स्वर उलट वर सरकतो, म्हणजे दुपारी दोनला नानांचे म्हणणे चुकीचे असण्याचीच शक्यता अधिक. परंतु दमट हवेत चामडे सैलावते ही शास्त्राची बाजू त्यांनी उचलली आहे आणि ती ते बारमाही वापरतात.

निदान ढोलकीपुरते राहत नाही. अवसरी घाट चढणारी एसटी उतरलेली असते, कुकरची तिसरी शिट्टी उतरलेली असते, सरपंचांचे स्वागतपर भाषण दुसऱ्या वाक्यापासूनच उतरू लागते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, हजारो माणसे भंडारा उधळीत असताना नानांनी निवेदकाकडे कान लावला आणि सात वर्षांच्या विश्रांतीने त्याचा आवाज उतरला असल्याचे शेजाऱ्याला सांगितले. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी खेळ चालू असताना पडद्यामागे बाळाला जन्म दिला व पुन्हा रंगमंच गाठला, ही घटना सर्वश्रुत आहे. त्या रात्री आपण पहिल्या रांगेत होतो असे सांगणाऱ्या सर्व नानांची मोजणी केल्यास तो तंबू अर्ध्या तालुक्याएवढा निघेल. विठाबाईंचा विषय निघाला की नाना हात जोडतात, १९५७ आणि १९९० या दोन्ही राष्ट्रीय सन्मानांची साले अचूक सांगतात, डोळे पुसतात, आणि मग आवाज लहान करून म्हणतात, "ढोलकी मात्र त्या रात्री जरा उतरलेलीच होती."

नानांच्या मुक्कामाला पूर्वी सबळ कारण होते. गणेशाचे स्तवन करणारा गण, कृष्णाने गौळणींची वाट अडवण्याची गवळण, थट्टामस्करीची बतावणी असे करीत मूळ कथानाट्य, म्हणजे वग, उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटत असे आणि तो संपेपर्यंत उजाडत असे. आता ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, प्रेक्षक गणातच शिट्ट्या मारून चित्रपटगीतांची मागणी करतात, आणि वग कापला जातो किंवा उभाच राहत नाही. मुक्कामाचे कारण संपले तरी मुक्काम संपलेला नाही. काही गावांनी तर तमाशाची सुपारी सोडून डीजे आणला; ध्वनिवर्धक पेट्यांच्या त्या भिंतीसमोर नाना घटकाभर उभे राहिले आणि काही न बोलता परत फिरले, कारण त्यात उतरण्याजोगे काही नव्हतेच.

२०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र करोनाने नेले. जत्रा भरल्या नाहीत, सुपाऱ्या बुडाल्या, फडमालक कर्जात गेले आणि मंचरच्या यजमानावर टोमॅटोच्या जाळ्या उचलण्याची पाळी आली. २०२२ च्या चैत्रात नाना उंबऱ्यात उभे राहिले, सवयीने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "उतरलीय". आणि दोन वर्षे कोणाचा हात न लागलेली ती ढोलकी या वेळी खरोखरच उतरलेली होती. यजमानाने ती खाली काढली, दोऱ्या ओढल्या आणि ध्वनिवर्धकाशिवाय ती पहाटेपर्यंत वाजवली. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा, जेथे यायला हवी तेथे नानांची मान तिच्याआधी अर्ध्या मात्रेने हलत होती. या दोन तालुक्यांत टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत. सम कोठे पडणार हे ठाऊक असणारे फार थोडे उरले आहेत, आणि फुकट जेवणाऱ्या या गृहस्थाची गणना त्यांत करावी लागते, हे मान्य करणे जड जात असले तरी भाग आहे.

तेव्हापासून जत्रेच्या आदल्या संध्याकाळी यजमान स्वतःच ढोलकीच्या दोऱ्या सैल करून ती भिंतीला टांगून ठेवतो, असे त्याच्या घरून समजते. वहिनींचे, म्हणजे यजमानाच्या पत्नीचे, मत या बाबतीत वेगळे आहे. ढोलकी उतरवणे यजमानाच्या हातचे आहे; भाकऱ्या मात्र त्यांना थापाव्या लागतात, आणि नाना सहावी भाकरी मागताना ती चौथी असल्याचे सांगतात.