गजालींचा बंदोबस्त

अमेरिकेत रानटर्कीची शिकार म्हणजे निम्मं नाटकच. वसंतात शिकारी उजाडण्याआधी झाडाला पाठ टेकून बसतो आणि लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो. नर भुलून जवळ येईपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. ही शेवटची अट आमच्या कोकणातल्या कुडाळकराच्या कुंडलीत बसत नाही.

टर्की तशी आपल्याला अगदीच परकी नव्हे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून एक टर्की नेऊन जहांगीराला दिली. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एवढा गुबगुबीत पक्षी आमच्या शेजारून आग्र्याला गेला आणि वाटेत कुणाच्या रश्शात पडला नाही, हेच मला नवल वाटतं.

आमच्याकडे शिकारीचा मान रानकोंब्याचा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळट ठिपके असतात. या पिसांच्या नकली माश्या करून गोरे साहेब गळाला लावत. माशासाठी कोंबडा खर्ची घालायचा, हा व्यवहार मालवणी माणसाला पटणं कठीण. त्याला दोन्ही हवेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आता मात्र रानकोंबो फक्त बघायचा.

म्हणून एकदा काळोखातच शेजारच्या तात्यांना घेऊन पाणंदीने निघालो. पहिल्याच वळणावर बॅटरीचा झोत तोंडावर आला.

"खंय चल्लास?"

"रानकोंबो बघूक."

"म्हणजे खावचो नाय?"

या प्रश्नाला उत्तरं देत काजीच्या बागेत पोचेपर्यंत फटफटलं. वरच्या रानातून तुटक, खरखरीत बांग आली. मग सुक्या पाल्यात खसखस झाली. एक साधी तपकिरी मादी पाला उकरत पुढे आली. मागून तो, एक पाय उचलून, मान ताठ करून थबकला. तेवढ्यात तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "दिसलो?"

दिसला होता.

कायद्याने बंदुका खाली ठेवल्या हे खरं, पण रानकोंब्याच्या रक्षणाचं निम्मं श्रेय मी आमच्या गजालींना, म्हणजे गप्पांना, देईन. वनखात्याने प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी चहाची एकेक टपरी तेवढी टाकून द्यावी; पुढचा बंदोबस्त आम्ही फुकट बघू.