बादलीबहाद्दर

माइनक्राफ्ट खेळायला घेतलं की सूर्य मावळायच्या आत काय करायचं, हे आपोआप कळतं. अंधार पडला की झोंबी येतात, क्रीपर अंगाशी येऊन फुटतो. तेव्हा लाकूड तोडा, चार भिंती उभ्या करा, दार लावून घ्या. शहाणी माणसं एवढं करून पुढे तलवार घडवतात किंवा महाल बांधतात. पण एक गृहस्थ असा असतो की नव्या जगात उतरल्यावर तो झाडाला हात लावत नाही, मेंढीकडे बघत नाही. खुर्चीत मागे रेलून समोरचा डोंगर न्याहाळतो आणि म्हणतो, "हा इथे नको होता."

हाच बादलीबहाद्दर. पडद्यावर मागून सांगाडा बाण मारत असतो आणि हा उताराचा अंदाज घेत असतो.

वयाचं म्हणाल तर बारा वर्षांचेही असतात, पण अस्सल नग चाळिशीच्या आसपास मिळतो. आमच्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मूळचा लातूरचा. पदवी सिव्हिलची, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याची. कॉलेजात त्यानं डंपी लेव्हल खांद्यावर टाकून उन्हातान्हात सर्व्हे केले, पाटबंधाऱ्याच्या पेपरात चांगले मार्क पाडले, आणि मग कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली. त्यानंतर या माणसाच्या हातून घमेलंभर माती हललेली नाही. ही तुंबलेली विद्या कुठेतरी वाट काढणारच. ती निघाली मुलीच्या लॅपटॉपमधून.

खेळ अर्थातच मुलीसाठी घेतला होता. तिनं टेकडीवर गुलाबी घर बांधलं, दोन मांजरं पाळली, खाली ओढ्याकाठी गहू पेरला. बाबा 'जरा बघतो' म्हणून बसले. सकाळी घर होतं, मांजरं होती, टेकडी नव्हती.

"बाबा, माझी टेकडी?"

"अगं, ग्रेडिंग केलं. आता बघ कसं लेव्हलमध्ये आलंय."

लेव्हल हे त्याचं दैवत. शंभर बाय शंभर पायाचा, पन्नास उंचीचा डोंगर दिसला की त्याची बोटं हिशेबाला लागतात. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. डोंगर निमुळता म्हणून निम्मं धरायचं, म्हणजे अडीच लाख ठोकळे. एका पेटीत चौसष्टच्या सत्तावीस थप्प्या, एकूण १,७२८. म्हणजे नुसत्या दगडमातीला १४५ पेट्या! एवढं मोजून झाल्यावर दुसरा कुणीही दुसरीकडे जागा बघेल. हा पेट्या बनवायला बसतो. मग पिकॅक्सवर एफिशियन्सी पाच चढवतो, बीकनचा दुसऱ्या पायरीचा हेस्ट लावतो, आणि दगड नुसता शिवला की उडायला लागला म्हणजे घरच्यांना ऐकू जाईल असं "आहाहा" म्हणतो. एका झटक्यात ३२,७६८ ठोकळे भरणारी किंवा पुसणारी आज्ञा खेळातच आहे, शिवाय लाकडी कुऱ्हाडीनं दोन कोपरे दाखवले की अख्खा डोंगर गायब करणारं वर्ल्डएडिटही मिळतं. पण ते तो वापरत नाही. ते कंत्राटदाराचं काम; हा खात्याचा माणूस.

सुरुवातीला मात्र त्याला या जगाचा फार राग आला होता. खालचे सगळे दगड काढले तरी वरचा डोंगर हवेत तसाच! पडतात फक्त वाळू, खडी आणि त्यांच्यासारखी दोन-चार द्रव्यं. "बेअरिंग कपॅसिटी म्हणून काही असतं की नाही?" असं तो लिफ्टमध्ये मला विचारत होता. मी काय सांगणार? आमच्या बिल्डिंगचीच मला खात्री नाही. पुढे त्यानं हा अन्याय पचवला, पण तरंगती झाडं अजून पचत नाहीत. लहान मुलं झाडाचा बुंधा तोडून घेतात आणि शेंडा आकाशात सोडून देतात. हा रात्री दीड वाजता मुलीच्या जगात शिरून एकेक शेंडा उतरवतो. स्वतःच्या बाल्कनीतलं वाळलेलं तुळशीचं रोप दिवाळीपासून तसंच आहे.

माती ही झाली तालीम. खरी नशा पाण्याची.

बादली तीन लोखंडी विटांत होते. जमिनीत दोन बाय दोनचा खड्डा खणायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतायची, आणि झालं: त्या खड्ड्यातून कितीही पाणी उपसा, तो भरलेलाच. दोन बाजूंनी झरा लागलेला ठोकळा स्वतःच झरा होतो, असा खेळाचा नियम आहे. बाकीचे हे शिकतात आणि पुढे जातात. आमचा लातूरकर मात्र त्या खड्ड्यापाशी बराच वेळ नुसता उपसत बसला होता म्हणे. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला हे दृश्य साधं वाटेलच कसं? बायको म्हणाली, "अरे, काय करतोयस? नुसता भरतोयस आणि ओततोयस."

"बघ ना, संपतच नाही!"

तरी आतला इंजिनिअर कुरकुरतोच. एक बादली ओतली की सपाटीवर पाणी झऱ्यापासून सात घरं जातं आणि थांबतं. वाटेत एका ठोकळ्याची पायरी आली की पुन्हा नवी सात घरं. पाणी वाढत नाही, आटत नाही; उगमाचा ठोकळा बादलीत उचलून घेतला की अख्खी नदी चार-दोन सेकंदांत नाहीशी. मॅनिंगचं सूत्र पाठ केलेल्या माणसाला हे बघवत नाही. "वस्तुमान अक्षय्यता कुठे गेली?" असं म्हणत म्हणत त्यानं डोंगरावरून तीन किलोमीटरचा कालवा आणला, दर आठव्या घराला एक पायरी देऊन.

कालवा आणण्याचं कारण शेती. इथे पाण्याचा एक ठोकळा चारी दिशांना चार-चार घरं जमीन ओली ठेवतो. नऊ बाय नऊचा चौरस घ्या, मधोमध पाणी सोडा, उरलेली ऐंशी घरं भिजली. मुलीनं हे शाळेतल्या मैत्रिणीकडून केव्हाच शिकून घेतलं होतं. बाबांनी तिला नव्यानं शिकवलं: चाऱ्या, वितरिका, आवर्तन, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलंच पाहिजे यावर एक छोटं भाषण. टेलला शेतकरी नव्हता, एक डुक्कर होतं. त्यालाही पाणी पोचलं.

मग शोभेसाठी एक धबधबा हवा असं त्याच्या मनात आलं. वाहतं पाणी या खेळात मशाली उपटतं, रोपं वाहून नेतं. दुसऱ्या दिवशीचा संवाद मी जिन्यात उभा राहून ऐकला. दार उघडं होतं, माझा इलाज नव्हता.

"बाबा, माझा गहू कुठे गेला?"

"अगं, तो निळ्या पूररेषेच्या आत होता."

"कुठेय निळी रेषा? मला नाही दिसली."

"ती कागदावर असते."

"मला कागद दाखवा."

कागद नव्हता. शेवटी पर्यायी जमीन, दोनशे गव्हाच्या बिया आणि एक जास्तीचं मांजर यावर मिटलं. मला वाटतं, महाराष्ट्रातलं इतक्या लवकर झालेलं हे एकमेव पुनर्वसन असावं.

अडवण्याचं तंत्रही त्याच्याकडे आहे. खेळात पाटी किंवा शिडी लावली की पाणी तिथेच थबकतं. वर समुद्र असो, पाटीच्या पलीकडे टिपूस नाही. त्यानं कालव्याच्या दोन्ही तोंडांना कोऱ्या पाट्या ठोकल्यात. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपण गावोगावच्या भिंतींवर रंगवलं. नुसत्या पाटीनं पाणी अडतं ते मात्र इथेच.

लाव्ह्याशी त्याचं जपून असतं. लाव्हा भूतलावर तीनच घरं जातो आणि एकेक घर चालायला दीड सेकंद घेतो, त्यामुळे तो येताना दिसतो आणि पळायला वेळ असतो. जवळच्या लाकडी घराला मात्र पळता येत नाही. गुलाबी घर एकदा असं गेलं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही. तेव्हापासून लाव्ह्यासोबत पाण्याची बादली ठेवण्याचा नियम झालाय: साठलेल्या लाव्ह्यावर पाणी आलं की त्याचा ऑब्सिडियन होतो, वाहत्याला लागलं की कॉबलस्टोन.

आणि मग समुद्र. खोल पाण्यात एक हिरवट दगडी वाडा असतो, ओशन मॉन्युमेंट. लोक तिथे जातात राखणदारांशी लढायला. हा गेला तो वाडा कोरडा करायला. पद्धत अशी: वरून वाळू सोडायची, ती तळापर्यंत पडत जाऊन भिंत होते; अशा भिंतींनी समुद्राचे कप्पे पाडायचे आणि एकेका कप्प्यात स्पंज टाकून पाणी शोषून घ्यायचं. ओला स्पंज भट्टीत वाळवावा लागतो. वाळवताना भट्टीच्या जळणाच्या खणात रिकामी बादली असेल तर ती भरून मिळते. हा बारकावा कळल्यावर त्याला झालेला आनंद मी पाहिलाय. त्याला प्रमोशन मिळालं तेव्हाही तो इतका खुलला नव्हता. कॉफरडॅम या विषयावर त्यानं परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडत होतं.

रविवारी सकाळी हे काम चालू असताना आतून हाक आली.

"अरे, बाथरूममधली बादली भरून वाहतेय! नळ बंद कर."

"दोन मिनिटं. स्पंज वाळतोय."

"कुठला स्पंज? भांड्यांचा?"

"समुद्राचा."

पाणी पॅसेजमध्ये आलं तेव्हा कुठे तो उठला. फरशी बघून म्हणाला, "उतार उलटा दिलाय बिल्डरनं." निदान अचूक होतं. फडका बायकोनं मारला.

त्याच्याशी गप्पा मारायला बसलं की डेन्मार्क निघतंच. २०१४ साली डेन्मार्कच्या सरकारी भू-माहिती खात्यानं आपला अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक मापानं उभा केला. देश सपाट, सगळ्यांत उंच जागा १७१ मीटर. खेळात तेव्हा उंचीची मर्यादा २५६ ठोकळे. सगळं नीट बसलं. मग काही उपद्व्यापी खेळाडूंनी काही भाग सुरुंगानं उडवला आणि तिथे अमेरिकेचे झेंडे रोवले. ऐकणारा नेमका इथे हसतो आणि हा चिडतो. "झेंड्याचं सोड रे, सर्व्हे बघ सर्व्हे! सरकारी खात्यानं केलाय!"

त्या भरात त्यानं कळसूबाई करायला घेतली. ती १,६४६ मीटर. २०२१ च्या अखेरीस खेळाचं जग वाढलं खरं, पण तळापासून माथ्यापर्यंत एकूण थर ३८४, त्यात समुद्राच्या वर हाताशी उरतात अडीचशेच्या आसपास. डेन्मार्कला पुरणारं आभाळ महाराष्ट्राला पुरत नाही, याचा त्याला आधी अभिमान वाटला आणि मग अडचण कळली. शिखर सातपटीनं बुटकं करावं लागलं. सह्याद्रीच्या कातळाचे आडवे थर त्यानं अँडेसाइट आणि बसाल्ट वापरून फार सुरेख काढलेत; तेवढ्यापुरतं मी त्याला मनापासून मानतो. घोळ झाला तो माथ्यावर. तिथलं देऊळ मुळातच चिमुकलं, सातपटीनं लहान केलं तर एका ठोकळ्याच्या आतच संपलं. गावाकडून आलेली त्याची आई चष्मा लावून पडद्यापाशी गेली.

"दार कुठंय रं?"

"आई, तेवढी जागा नाही."

"मग देवी आत गेली कशी?"

त्या रात्री प्रमाण मोडून देऊळ मोठं करण्यात आलं. आता ते डोंगराच्या मानानं तालुक्याच्या कचेरीएवढं दिसतं. आईनं मात्र पडद्याला हात जोडले.

अशा माणसाचा सोसायटीला उपयोग व्हावा, ही कल्पना सेक्रेटरीकाकांची. दर पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचतं. काका म्हणाले, "तुम्ही सिव्हिलचे ना? ते कॉम्प्युटरवर नद्या वळवता म्हणे. मग आमचं पार्किंग बघा की." बहाद्दरानं टेप घेऊन दोन रविवार पार्किंग मोजलं. गेट, रॅम्प, जाळ्या, मीटरची खोली, अगदी कायम आडवी लावलेली एक स्कूटरसुद्धा ठोकळ्यांत उभी केली. सर्वसाधारण सभेत लॅपटॉप भिंतीवर लावला. सगळे पुढे सरकले. काका म्हणाले, "आता पाऊस पाडा."

त्यानं पाऊस पाडला. ढग आले, गडगडलं, धो धो सरी कोसळल्या. पार्किंग खडखडीत.

"तसं नाही काका," तो घाईघाईनं सांगू लागला, "या खेळात पाऊस पडतो, पण जमिनीवर साचत नाही. फार तर कढईत थोडं जमतं. मी बादलीनं ओतून दाखवतो—"

"ओतायचं कशाला? पाऊस पडला, सगळ्यांनी पाहिलं," खजिनदार म्हणाले. ड्रेनेजच्या कामाचं कोटेशन त्यांच्याच फाइलीत होतं आणि वर्गणी वाढवायची कुणालाच हौस नव्हती.

इतिवृत्तात नोंद अशी आहे: 'अभियंता सभासदांनी केलेल्या संगणकीय तपासणीत मुसळधार पावसातही पार्किंगमध्ये पाणी साचत नसल्याचे आढळले. सबब ड्रेनेजचा विषय रद्द करण्यात येत आहे. तपासणीत एक स्कूटर आडवी लावलेली आढळली. मालकास नोटीस द्यावी.'