चालीचा दावा

रत्नागिरीच्या मुलखात गौरी-गणपतीच्या रात्री, मध्ये ढोलकीसह शाहीर व भोवती पायांत चाळ बांधलेले नाचे, अशा जाखडीच्या फेरात शक्तीवाले आणि तुरेवाले ‘प्रकृती श्रेष्ठ की पुरुष’ हा सनातन दावा पिढ्यान्‌पिढ्या बिनतोडगा लढवीत आले असले, तरी २०१६ साली ‘सैराट’ प्रदर्शित झाल्यानंतर आमच्या वाडीत उभय पक्षांनी आपापला गणेशवंदनेचा गण आणि वेदान्त त्यातल्या ‘झिंगाट’च्याच चालीवर गुदरला, आणि एवढ्या एका कलमावर तरी त्यांची बिनतक्रार तडजोड झाली. “चाल कुनाची का असंना, गनपती आपलाच हाय,” असा निवाडा वयोवृद्ध शाहिरांनी पानाचा विडा दुसऱ्या गालात सरकवीत दिला. पुढे तो चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला, तेव्हा त्यांचा पाच वर्षांचा नातू संतापून उद्गारला, “आजोबा, यांनी आपला गण चोरला!”