प्रलयोत्तर चार भूमींची जमाबंदी

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या माणसाने कलाकृतीचे परीक्षण करू नये, असा एक संकेत सुशिक्षित समाजात रूढ आहे. कारण नायिकेच्या नेत्रांतील अश्रू पाहण्याआधीच तिच्या राज्याची चतुःसीमा कोणी मोजली, हा प्रश्न अशा माणसाला पडतो. आक्षेप रास्त आहे. तथापि सुट्टीत पुण्याहून कोलाडला आलेल्या माझ्या नातीने ‘द शॅनारा क्रॉनिकल्स’ नामक अमेरिकन मालिकेची दोन्ही पर्वे मला आणि आमच्या सौभाग्यवतींना दाखविण्याचा संकल्प तडीस नेल्यावर, तीतील ‘चार भूमी’ नामक मुलखाच्या कारभाराविषयीचे माझे शेरे दप्तरी दाखल न करता इहलोक सोडणे मला प्रशस्त वाटत नाही.

टेरी ब्रुक्स यांची शॅनाराविषयक पहिली कादंबरी 1977 साली प्रसिद्ध झाली, आणि पुढील एका कादंबरीवरून रचलेली ही मालिका 2016 साली एमटीव्ही या गाण्याबजावण्यासाठी ख्यात असलेल्या वाहिनीवर अवतरली. आपले हे जग महायुद्धांत भस्मसात होऊन हजारो वर्षे लोटली आहेत. अमेरिकेच्या भूमीवर आता मानवांसह बुटके, नोम, ट्रोल आणि अणकुचीदार कानांचे एल्फ अशा जमाती नांदत आहेत. आणि एल्फांच्या राजधानीत एलक्रिस नावाचा एक पुरातन वृक्ष उभा आहे, ज्याच्या पुण्याईने समस्त राक्षसगण अदृश्य कैदेत पडलेला आहे. वृक्षाला रोग जडतो, आणि एकेक पान गळताच एकेक राक्षस मोकळा सुटतो. अँबर्ली नावाच्या राजकन्येने त्या वृक्षाचे बीज दूरदेशी नेऊन अग्निस्नान घालून परत आणावयाचे, एवढाच मामला, बाकी घोडेस्वारी.

येथे मालिकेचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण नमूद करतो. पान गळाले की राक्षस सुटतो, हे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला पटवून देण्यास किती भाग खर्ची पडले असतील ते असोत. आमच्या घरी ते एका क्षणात पटले. देवराईतली वाळकी काटकीही घरी आणू नये हे ज्या मुलखात दुधाबरोबर पाजले जाते, आणि ज्या रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस खाते आजतागायत बंदुकांसह मानवंदना देते, तेथे एखाद्या झाडाकडे राज्याच्या संरक्षणाचा हवाला असणे ही कल्पनारम्यता नसून नित्याची वहिवाट आहे. शिवाय प्रलयात बीज वाचविले पाहिजे हेही आम्हांस नवे नाही. मत्स्याने ओढलेल्या नौकेत मनूने सप्तर्षींबरोबर बीजेच घेतली होती. फरक इतकाच की आमचे कलियुग 4,32,000 वर्षांचे, म्हणजे मुदत आधीच ठरलेली आहे, आणि या मंडळींचा प्रलय निव्वळ गाफिलीतून उद्भवतो.

मात्र वृक्षाच्या व्यवस्थेबाबत माझी गंभीर हरकत आहे. एलक्रिसच्या सेवेकऱ्यांची निवड दर पिढीस डोळे बांधून धावण्याच्या शर्यतीने होते. आमच्याकडे पालखीचा पहिला खांदा कोणाचा यावरून भावकीत तीन पिढ्यांचे दावे चालतात. आणि येथे जगाचा आधार असलेल्या देवस्थानाला ना वतनदार, ना मानकरी, ना इनाम जमीन, ना जमाखर्चाची वही! लेखक ब्रुक्स हे पेशाने वकील होते, हे नातीने सांगितले तेव्हा तर मी चकित झालो. ज्याने अशिलांकडून फी घेतली त्याच्या कथेवरून उभ्या राहिलेल्या या मुलखात एकही दिवाणी दावा दाखल होऊ नये, हा विस्मरणाचा कळस म्हणावा लागेल.

“आबा, ते फँटसी आहे,” नात म्हणाली.

“असू दे. पण तेवढं झाड कोणाच्या नावावर आहे ते दाखवायला काय हरकत होती?”

जगबुडीनंतरच्या जीवनाविषयी बोलण्याचा आम्हां रायगडकरांना थोडा अधिकार आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढले, तेव्हा करोनामुळे जग आधीच बंद होते आणि त्या दुपारी उरलेसुरले उडून गेले. पत्रे पतंगासारखे गेले, विजेचे खांब आडवे झाले, आणि पुढे कित्येक रात्री आम्ही त्याच अंधारात काढल्या जो मालिकेत निळसर प्रकाशयोजनेने फार मोहक दिसतो. कोणी जनरेटर लावला की त्याच्या दारात मोबाईल हातात घेऊन रांग लागे आणि चार्जिंगचे पैसे मोजून घेतले जात. अशा प्रलयानंतर क्षितिजावर जी पहिली मनुष्याकृती दिसते तिच्या पाठीस धनुष्य नसते, बगलेत नोंदवही असते. तो तलाठी असतो आणि तो पंचनाम्यास आलेला असतो. त्या दिवसांत मी ओटीवर ताडपत्रीखाली बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून देत होतो. एका गृहस्थांचा प्रश्न असा होता की शेजाऱ्याचा आंबा उन्मळून आपल्या गोठ्यावर पडला आहे. तेव्हा गोठ्याची नुकसानी आपण मागावी, आंब्याची शेजाऱ्याने मागावी, हे ठीक. पण लाकूड कोणाचे? पंच वाकून बुंधा मोजीत होते, शेजारी टेपचे दुसरे टोक धरून होता, आणि गोठ्यातील म्हैस त्या आंब्याचा पाला निश्चिंतपणे खात होती. चार भूमींत एवढी गावे जळाली, पण एका तरी भागात कोणी बुंधा मोजताना दिसला काय?

विजेचेच पाहा. पहिल्या पर्वात एका वस्तीतील मानवांनी जुन्या जगाचे दिवे जपले असून ते पडद्यावर ‘स्टार ट्रेक’ पाहतात. प्रसंग रसाळ आहे. परंतु हजारो वर्षांनंतर डिझेल कोठून येते याची पृच्छा करावी असे कोणासही वाटत नाही. आमच्या कोलाडचे लेकरूही ती करील, कारण आमची कुंडलिका नदीच मुळी विजेच्या आज्ञेत वाहते. मुळशीच्या धरणातील पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते (ते 1927 पासून चालू आहे), तेथील जनित्रे फिरवते आणि मग नदीत सोडले जाते. त्या पाण्यावर स्वार होण्यासाठी पुण्यामुंबईची मंडळी डोक्यावर शिरस्त्राणे चढवून रबरी तराफ्यांतून किंचाळत जातात. जगाचा अंत झाला तर आमच्या नदीवर त्याची खबर अशी लागेल की सकाळचे पाणी येणार नाही आणि तराफेवाले काठावर घड्याळ पाहत बसतील. अशी एक साधी गोष्ट मालिकेला सुचती, तर दहा राक्षस कमी लागले असते.

न्यूझीलंडमधील निसर्गचित्रण निःसंशय नेत्रसुखद आहे. परंतु जुन्या जगाचे भग्नावशेष पाहून आमच्या घरी अपेक्षित गहिवर आला नाही, याला दिग्दर्शक जबाबदार नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम 2011 साली सुरू झाले. तेव्हापासून आकाशाकडे सळया दाखवीत उभ्या असलेल्या पुलांच्या खांबांमधून आमचा मुलुख वर्षानुवर्षे गणपतीला गावी येतो आहे. शहाणे मालट्रकवाले 1999 पासून कोलाड स्थानकात आगगाडीवर चढतात आणि ट्रकमध्ये पाय पसरून थेट वेर्ण्याला उतरतात. पडद्यावरचा मोडका पूल पाहून सौभाग्यवतींनी फक्त एवढेच विचारले, “अहो, हा वडखळच्या अलीकडचा की पलीकडचा?”

त्यांचे इतरही अभिप्राय होते. चामड्याच्या पोशाखात महिनोन्महिने अरण्य तुडवूनही कोणास घामोळे येत नाही, आणि राक्षसाशी झुंजल्यावर केस अधिकच नीटस दिसतात. विल नामक अर्धएल्फ नायकाने राजकन्या की चोरटी इरेट्रिया या विवंचनेत घालविलेला वेळ बीजाच्या कामी लावला असता तर चार गावे वाचली असती, हेही त्यांचेच. दीर्घनिद्रेतून उठलेला ड्रुइड, म्हणजे मांत्रिक, अ‍ॅलनॉन मात्र त्यांना पसंत पडला. आमच्या पुराणातील मुचकुंदाने झोपमोड करणाऱ्या कालयवनास एका दृष्टीत भस्म केले. अ‍ॅलनॉन जागा झाल्यावर आधी सगळ्यांना उपदेश करतो आणि मग लढतो. मनू बेनेट या नटाने ही भूमिका अशा गांभीर्याने वठविली आहे की भोवतालचे संवाद उघडे पडतात.

पहिल्या पर्वाचा शेवट मी बिनशर्त वाखाणतो. अँबर्ली बीज घेऊन परतते तेव्हा कळते की नवे झाड लावावयाचे नसून तिनेच ते व्हावयाचे आहे. ती आक्रोश न करता वृक्षात विलीन होते आणि राक्षस नाहीसे होतात. सौभाग्यवतींनी पदर डोळ्यांना लावला. मीही, ही नोंद कोणाच्या नावे कशी घ्यावी, हे त्या क्षणी विचारले नाही. दुर्दैवाने नंतर दुसरे पर्व आले. वाहिनी बदलली, नायिका झाड झालेली, आणि कथेत जीव असा उरला नाही; 2018 च्या प्रारंभी मालिका बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि नायकाचे पुढे काय झाले याचा खुलासा वीस भागांअखेरही झाला नाही.

“तिसरं पर्व नाहीच येणार?” सौभाग्यवतींनी विचारले. “मग त्या विलचं काय झालं म्हणायचं?”

त्यांना मी कायदा समजावून सांगितला. एखाद्याची खबर ज्यांना लागावयास हवी त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो इसम मयत असल्याचे गृहीत धरता येते. विल अखेरचा दिसला तो 2017 च्या नोव्हेंबरात. म्हणजे मुदत 2024 मध्येच भरली. वारसांनी कोर्टाचा हुकूम मिळवून फेरफारासाठी अर्ज करावा. मसुदा मी फुकट लिहून देईन. फक्त तिकडे तलाठी कोठे बसतो एवढे कोणी कळवावे.