टोलेवाले अण्णा

घड्याळ दहा मिनिटं मागे असलं तर अण्णा काही म्हणत नाहीत. बंद पडलेल्या घड्याळाबद्दल तर त्यांना जरा आदरच वाटतो. पण सहा वाजता आठ टोले ऐकले की त्यांचं डोकं फिरतं. मग घर कुणाचंही असो, टेकवलेला चहा तसाच राहतो आणि अण्णा घड्याळाची मागची झडप उघडतात.

हिंजवडीत फेज तीनला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या काखेत अन्सोनिया होतं. ब्रुकलिनमध्ये घडलेलं, शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचं घड्याळ. आयटी पार्कात शेकोटी कुठली? ते टीव्हीच्या शेजारी बसलं. चावी एक, भोकं दोन: एक काट्यांचं, एक टोल्यांचं. सूनबाईंनी घाईत एकच फिरवलं. काटे चालत राहिले, टोले मध्येच थांबले. पुढे दुसऱ्या भोकालाही चावी दिली, तेव्हा संध्याकाळी सात वाजता घड्याळाने नऊ ठोके दिले.

"त्याचा दोष नाही," अण्णा म्हणाले. "त्याला किती वाजले ते कळत नाही, नुसतं मोजता येतं." आत खाचांची एक चकती असते. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, मधल्या अर्ध्या तासांना एकेक. बारा तासांत 90 टोले. काटे कुठे आहेत याची तिला खबर नसते.

"राहू द्या ना अण्णा, न्यूयॉर्कला आत्ता नऊच वाजलेत. माझ्या कॉलला बरं."

"मे महिना आहे. तिकडे साडेनऊ झाले. आणि साडेनवाला एकच टोला पडतो."

तासकाटा नवावर सरकवून मग मिनिटकाटा पुढे फिरवत आणला असता तरी चाललं असतं. पण ते अण्णांच्या लेखी घड्याळाला फसवणं. त्यांनी आतली तार बोटाने उचलली. साडेनवाचा एक, दहाचे दहा, असं करत पुन्हा सातापर्यंत 71 टोले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आरती कोणाकडे आहे? वरच्या मजल्यावरच्या मुलाला परदेशी क्लायंटने विचारलं, जवळ चर्च आहे का?

पुढे वाकडच्या एका गृहस्थांनी जुन्या बाजारातून घड्याळ आणलं. अण्णा रविवारी सकाळीच हजर. झडप उघडली आणि चेहरा पडला. आत चकती नव्हती, दात्यांची पट्टी होती. 1676च्या सुमारास एडवर्ड बार्लो नावाच्या इंग्रज पाद्र्याने काढलेली युक्ती: तासकाट्याबरोबर एक पायऱ्यापायऱ्यांचा तुकडा फिरतो आणि टोले किती द्यायचे ते तोच ठरवतो. काटे आणि टोले यांची फारकत सहसा होतच नाही.

"यात माणसाला कामच ठेवलेलं नाही," म्हणून अण्णा उठले.

खरं सांगायचं तर बिनचूक घड्याळाचं अण्णांना काही देणंघेणं नाही. त्यांना चुकणारं हवं असतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरातलं.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर तार स्वतःच उचला आणि टोले पडत असताना काटे हलवू नका. अण्णांनाच बोलवायचं असेल तर रविवारी बोलवा. इतर दिवशी फेज तीनमधून बाहेर पडायला लागणारा वेळ त्यांच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही.