पिंपपंडित

ग्लासगोत राहायला आलं की माणूस फार लवकर व्हिस्कीतला जाणकार होतो. त्यातून ज्याची मजल कोल्हापुरात सोड्यापलीकडे गेली नव्हती, तो तर आठवड्याभरात. भट्टीतून निघणारी दारू पाण्यासारखी असते. रंग आणि बरीचशी चव पिंपाची, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवू लागलो. अमेरिकेत बर्बन मुरवायला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंपच लागतं. वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला येतात आणि व्हिस्कीला व्हॅनिला, खोबऱ्याची चव देतात. शेरीच्या पिंपातून येतात मनुका, खारीक, लवंग. बाल्व्हेनीची डबलवूड व्हिस्की दोन्हींतून जाते, १९९३ पासून.

"अहो, एक पिंप घरीच आणा," बायको म्हणाली. "निदान तोंड त्याला लावून बसाल."

टोमणा होता हे पिंप आल्यावर कळलं.

पिंप दोन लिटरचं. त्यात थेट शेरी ओतली. कोरडं लाकूड आधी पाण्यानं फुगवावं लागतं, नाहीतर फटींतून गळतं. रात्रभर गळलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा छताची तक्रार घेऊन वर आले, दारातच एक दीर्घ श्वास घेतला आणि आत येऊन बसले.

दुसऱ्या खेपेला शेरी टिकली. ती काढून बर्बनच्या पिंपात मुरलेली, बारा वर्षांची सिंगल माल्ट भरली. स्कॉटलंडच्या गोदामांत दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात तो कितीतरी जास्त. आमचे देवदूत मात्र रोज संध्याकाळी जिना चढून येत, आणि मी त्यांना पाहणीसाठी सोबत करी.

महिन्याभरात चव टेबलाचा पाय चोखल्यासारखी झाली. बर्बनचं पिंप सुमारे २०० लिटरचं. त्याच्या तुलनेत माझ्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेचार पट. शाळेत भूमितीच्या तासाला मी खिडकीतून बाहेर बघत असे.

आजोबांनी घोट जिभेवर घोळवला. "लाकूड उत्तम आहे," म्हणाले. "यात व्हिस्की कधी घालणार?"

मग धीर दिला, की पिंप जितक्यांदा भरावं तितकं लाकूड नरम पडतं आणि व्हिस्कीची स्वतःची चव वर येते. पुढच्या भरणाची बाटली कुणी आणायची, यावर घरात अजून चर्चा चालू आहे. आजोबा रोज चौकशीला येतात.