भाऊकाकांची खातेवही

भाऊकाकांकडे तीन वर्तमानपत्रं येतात. एक सरकारवर खूश, दुसरं कायम रुसलेलं आणि तिसरं जाहिरातींमधून जागा उरली तर बातम्या देणारं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या, की घरातला मिक्सर बंद. मग काका लाल पेन्सिल घेऊन बसतात. ‘असे समजते’ दिसलं, की खूण. ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ दिसलं, की दोन खुणा.

“सूत्र मंगळाचं असतं रे, बातमीला माणूस लागतो. नावगाव असलेला!”

ह्या सगळ्याची खातेवही काकांनी घातली २००४ साली. ‘इंडिया शायनिंग’च्या त्या निवडणुकीत वाहिन्या वाजपेयींच्या आघाडीला पुढे धरून बसल्या आणि पंतप्रधान झाले मनमोहन सिंग. तेव्हापासून प्रत्येक पेपराचं, प्रत्येक वाहिनीचं वाण्यासारखं स्वतंत्र खातं. कोण काय म्हणालं ते डावीकडे, प्रत्यक्षात काय झालं ते उजवीकडे. उजवी बाजू फक्त निवडणूक आयोगाच्या आकड्यांवरून भरायची.

२०२४च्या १ जूनला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पार नेऊन ठेवलं. ४ तारखेला गाडी २९३वर थांबली. त्यात भाजपच्या २४०. त्या दिवशी काकांनी पेन्सिलीला तीनदा टोक काढलं.

“म्हणजे विश्वास ठेवण्यासारखं कुणीच नाही?” मी विचारलं.

“चुकणार सगळेच. चूक केली तिथेच, तेवढ्याच टायपात कबूल करतो, तो आपला! हे बघ.” त्यांनी एक कात्रण काढलं. चूक पहिल्या पानावर, आठ कॉलमी. दिलगिरी आतल्या पानात, छत्र्यांच्या सेलखाली, मुंगीएवढी. “ह्याला अर्धा मार्क. बाकीचे तेवढंही छापत नाहीत.”

मी वही चाळली. सगळ्यांची खाती होती, एक सोडून.

“काका, तुम्ही स्वतः किती म्हणाला होतात?”

काका चष्मा पुसायला लागले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “तीनशे सत्तर! शेजाऱ्यांशी मिसळीची पैज लावली होती ह्यांनी. अजून दिली नाहीये.”

काकांनी वही मिटली.

“मला तसं विश्वसनीय सूत्रांकडून समजलं होतं.”